लिंबावरची नागअळी ओळखायची कशी? सातारा-सांगलीकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसाची पहिली झड ओसरली आणि लिंबाला नवती फुटली की फोटो यायला सुरुवात होते. कुणी आटपाडीच्या बागेतून पाठवतं, कुणी कराडच्या गच्चीवरच्या कुंडीतून, कुणी फलटणच्या रोपवाटिकेतून. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून ते इथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. जिथे दुसऱ्या उत्तराची गरज आहे तिथे त्याचा क्रमांक दिला आहे. आमचा आग्रह एकच आहे: आधी कीड ओळखा, मग पंप पाठीवर घ्या. पान पोखरणाऱ्या किडी पानावरच आपली सही सोडून जातात आणि ती वाचायला फार शिकावं लागत नाही.

१. लिंबाच्या कोवळ्या पानावर गोगलगाय फिरून गेल्यासारखी चकाकती, वेडीवाकडी रेघ आहे. हे काय आहे?

ही बहुतेक वेळा लिंबावरची नागअळी असते, म्हणजे पान आतून पोखरणारी अळी. ती एका अगदी लहान पतंगाची अळी आहे. शास्त्रीय नाव फायलोक्निस्टिस सिट्रेला. १८५६ मध्ये स्टेंटन या इंग्रज अभ्यासकाने कलकत्त्याहून आलेल्या नमुन्यांवरून तिचं वर्णन केलं, म्हणजे कीड आपल्याच भागातली आहे, बाहेरून आलेली नाही. ग्रॅसिलॅरिडी या कुळात ती मोडते. या कुळात जगभरात सुमारे दोन हजार जातींची नोंद आहे आणि बहुतेकींच्या अळ्या पानाच्या आतच वाढतात.

रेघ म्हणजे अळीने खाल्लेली वाट. पानाचा वरचा पापुद्रा शाबूत राहतो, त्याच्या खालच्या पेशी रिकाम्या होतात, आत हवा शिरते आणि तो भाग चंदेरी दिसतो.

२. पानाला कुठेच भोक दिसत नाही. मग अळी आत गेली कशी?

मादी पतंग कोवळ्या पानावर एकेक अंडं घालते, बहुधा पानाच्या मागच्या बाजूला, मधल्या शिरेजवळ. पान जेमतेम एक-दोन सेंटिमीटर लांब असतानाच हे होतं. अंडं इतकं लहान आणि पारदर्शक असतं की भिंगाशिवाय ते पाण्याच्या थेंबाचा कण वाटतं. अळी अंड्याच्या तळातूनच थेट पानात शिरते, बाहेर येतच नाही. म्हणून बाहेरून भोक दिसत नाही.

आत गेल्यावर ती पेशी फोडून त्यांचा रस पिते. पहिल्या तीन अवस्था हेच काम चालतं. चौथ्या अवस्थेत खाणं बंद होतं. अळी पानाच्या कडेशी येते, रेशीम काढते, त्या रेशमाने पानाची कड आत ओढून दुमडते आणि त्या दुमडीत कोष करते. लिंबाच्या पानाची कड बारीक गुंडाळलेली दिसते ती यामुळेच.

अंड्यापासून पतंगापर्यंतचा सगळा प्रवास हवामानानुसार १३ ते ५२ दिवसांत होतो. आपल्याकडे उबदार महिन्यांत दोन-तीन आठवडे धरून चाला.

३. पतंग कसा दिसतो? बागेत रोज असतो, पण एकही दिसला नाही.

दिसत नाही यात नवल नाही. पंख पसरले तरी टोकापासून टोकापर्यंत चार-पाच मिलिमीटर, आणि बसलेला असेल तर अंग जेमतेम दोन मिलिमीटर. शिवाय तो संध्याकाळी, रात्री आणि पहाटे हिंडतो. दिवसा पानामागे किंवा फांदीच्या आडोशाला गप्प बसून असतो.

हाती लागलाच तर भिंगाखाली ओळख सोपी आहे. पुढचे पंख चंदेरी पांढरे, त्यांवर पिवळट तपकिरी आणि काळ्या रेघा, आणि प्रत्येक पुढच्या पंखाच्या टोकाला एक ठळक काळा ठिपका. मागचे पंख अरुंद, पांढरे, कडेला लांब झालर. तो काळा ठिपका लक्षात ठेवा. फोटोत बाकी काही स्पष्ट आलं नाही तरी ठिपका येतो.

पण पतंग पकडायच्या मागे लागू नका. ओळख पटवायला पान पुरतं. ते कसं, ते पुढच्याच उत्तरात.

४. पतंग न बघता ओळख पक्की करता येते का? नेमकं काय काय बघायचं?

येते, आणि बहुतेक वेळा तीच जास्त भरवशाची असते. आम्ही फोटो आला की याच क्रमाने बघतो.

सगळ्यात आधी झाड. पान पोखरणाऱ्या बहुतेक जाती खाण्याच्या बाबतीत चोखंदळ असतात. एखादी जात एकाच झाडावर, फार तर एका कुळातल्या दोन-चार झाडांवर जगते. झाडाचं नाव नक्की झालं की शंभरातल्या नव्वद शक्यता तिथेच गळतात. म्हणून "कुठलंतरी झाड आहे" असं लिहून आलेल्या फोटोवर आम्हाला काहीच सांगता येत नाही.

मग पानाचं वय. लिंबावरची नागअळी फक्त कोवळ्या पानावर लागते. पान जून झालं, कडक झालं की अंडं घातलं जात नाही. जुनाट पानावर रेघ दिसली तर ती पान कोवळं असतानाची जुनी खूण आहे.

मग रेघेचा आकार. सुरुवातीला केसाएवढी बारीक आणि पुढे रुंद होत जाते, कारण अळी वाढत असते. रेघ वळणं घेते, पण साधारणपणे स्वतःला ओलांडत नाही. शेवट बहुधा पानाच्या कडेला होतो. पान हातात घ्या, उजेडाकडे धरा आणि रेघेच्या मधोमध बघा. तिथे काळपट रंगाची एक सलग बारीक ओळ दिसते. ती अळीची विष्ठा. रेघेच्या मध्यावरून ती रुळासारखी चालते. नागअळी आणि इतर किडींतला फरक करताना ही ओळ फार उपयोगी पडते (प्रश्न ५ बघा).

त्यानंतर अळी. रेघेच्या रुंद टोकाशी पापुद्रा टाचणीने हळूच उचला. आत तीन मिलिमीटरपर्यंतची, चपटी, पिवळसर हिरवट, जवळजवळ पारदर्शक अळी दिसेल. पाय नावापुरतेही दिसणार नाहीत. पतंगाची अळी म्हटली की पाय हवेतच, असं समजून लोक गोंधळतात. या कुळातल्या रस पिणाऱ्या अळ्यांना पाय नसतात.

शेवटी कोष. पानाची दुमडलेली कड उलगडली आणि आत पिवळसर तपकिरी, टोकदार कोष मिळाला की ओळख झाली. कोष पानाच्या आत आहे, ही गोष्ट एकटीच बरंच सांगून जाते.

५. टोमॅटो, चवळी, काकडी, झेंडू यांच्या पानांवर अशीच पांढरी नागमोडी रेघ आहे. लिंबावरून तिकडे गेली का?

नाही. ती वेगळी कीड आहे, पतंगाचीही नाही. ती माशीची अळी. लिरिओमायझा या वंशातली ही नागमोडी पोखरणारी माशी १९९० च्या सुमारास भारतात शिरली आणि आता टोमॅटोपासून एरंडापर्यंत कितीतरी पिकांवर दिसते. लिंबावरची नागअळी टोमॅटोवर जात नाही आणि ही माशी लिंबाच्या वाटेला जात नाही.

दोघींनाही शेतकरी नागअळीच म्हणतात. दुकानातही तेवढंच सांगितलं जातं आणि भलतंच औषध घरी येतं. म्हणून फरक नीट बघा. माशीच्या अळीच्या रेघेत विष्ठा मधोमध सलग नसते. ती कधी या कडेला, कधी त्या कडेला तुटक तुटक पडते. त्याच पानावर रेघांशिवाय बारीक पांढरे टिपके विखुरलेले दिसतात. मादी माशीने पान टोचून रस चाखल्याच्या त्या खुणा आहेत. लिंबावर असे टिपके मिळणार नाहीत. आणि वाढ पुरी झाली की माशीची अळी पान सोडून बाहेर येते, मातीत पडते आणि तिथे तपकिरी तांदळाच्या कणीएवढा कोष करते. दुमडलेल्या कडेत कोष शोधलात तर हाती काही लागणार नाही.

अळीलाही डोकं म्हणावं असं काही नसतं. तोंडाच्या जागी दोन काळे आकडे असतात आणि ती पान खरवडून खाते.

६. टोमॅटोच्या पानावर रेघ नाही, मोठा पापुद्र्यासारखा वाळका डाग आहे. हीसुद्धा नागअळी?

हे गंभीर आहे, लगेच लक्ष द्या. टोमॅटोवर आडवातिडवा पसरलेला, आत काळी विष्ठा साठलेला, उजेडात धरला की कागदासारखा पातळ दिसणारा डाग हे टुटाचं लक्षण असतं. टुटा ॲब्सोल्युटा हा दक्षिण अमेरिकेतला पतंग. २००६ मध्ये तो स्पेनमध्ये पोचला आणि २०१४ मध्ये भारतात महाराष्ट्र आणि कर्नाटकात आढळला. अभ्यासकांनी अलीकडे त्याला फ्थोरिमिया या वंशात हलवलं आहे, पण शेतात आणि दुकानात टुटाच म्हणतात.

अळीला खरे पाय असतात. रंग आधी मलईसारखा, मग हिरवट, पुढे गुलाबी छटा येते. डोक्यामागे एक अरुंद काळा पट्टा असतो, तो बघाच. एका डागातून बाहेर पडून ती दुसऱ्या पानात, कोंबात किंवा फळात शिरते. फळाच्या देठाजवळ टाचणीने टोचल्यासारखी बारीक भोकं दिसली तर शंका ठेवायचं कारण नाही. पतंग राखाडी, काळ्या ठिपक्यांचा, लिंबावरच्या पतंगापेक्षा कितीतरी मोठा. कामगंध सापळ्यात, म्हणजे मादीच्या वासाने नरांना ओढणाऱ्या सापळ्यात, त्याचे नर पडतात, म्हणून टोमॅटो लावल्यावर सापळा लावणं हा ओळखीचाही चांगला मार्ग आहे.

७. सोयाबीन आणि भुईमुगाच्या पानांवर फोड आल्यासारखे डाग आहेत, पानं एकमेकांना चिकटली आहेत. यात नागअळीचा संबंध आहे का?

हा पान पोखरणाराच पतंग, पण तिसरा: ॲप्रोएरेमा मोडिसेला. अळी आधी मधल्या शिरेजवळ बारीक पोखरते, मग डाग पसरतो, पान आकसतं, तपकिरी होतं. मोठी झाल्यावर ती बाहेर येते आणि शेजारची पानं रेशमाने एकत्र बांधून त्यांत राहते. अळी फिकट हिरवी, डोकं गडद. पतंग राखाडी, सुमारे सहा मिलिमीटर, पुढच्या पंखाच्या कडेला एक पांढरा ठिपका.

कृष्णाकाठच्या सोयाबीनवर पावसाने ओढ दिली की हिचे फोटो वाढतात. जोरदार पाऊस झाला की ती दबते.

८. आंबा, काजू, करंजाच्या पानांवर पांढुरके फोड दिसतात. ही लिंबावरचीच का?

नाही, पण नात्यातली आहे. आंब्या-काजूवर ॲक्रोसरकॉप्स वंशातला पतंग येतो. त्याची अळी कोवळ्या पानात रुंद, फुगीर फोड करते, नागमोडी रेघ नाही. वाढलेली अळी गुलाबी-लालसर होते आणि कोष करायला जमिनीवर उतरते. फोड पुढे वाळतो आणि पानाला भोक पडतं.

करंजावरच्या फोडांमागेही याच कुळातल्या अळ्या असतात. रस्त्याकडेच्या करंजाला पाऊस संपताना एकही पान मोकळं नसतं, तरी झाड जोमात असतं. त्याची काळजी करू नका.

९. लिंबाची पानं चुरडली आहेत, पण रेघ कुठेच नाही. तरी नागअळीच का?

मग नागअळी म्हणू नका. चुरडलेलं पान अनेक कारणांनी होतं. सिल्ला ही रस शोषणारी कीड असेल तर कोंबावर पांढरट, वळवळीत मेणाचे धागे आणि चपटी पिवळी पिल्लं दिसतात. मावा असेल तर पानाखाली गर्दी आणि मुंग्यांची ये-जा. फुलकिडे असतील तर पानावर फिकट चरे उमटतात. नागअळीत चंदेरी रेघ असतेच. ती नसेल तर नागअळी नाही, हा साधा नियम पाळा.

उलटही खरं आहे. एकाच कोंबावर रेघही असते आणि सिल्लाही असतो. एक सापडली म्हणून दुसरी नाही असं समजू नका.

१०. रेघ स्पष्ट आहे, पण उघडून बघितलं तर आत अळी नाही. गेली कुठे?

तीन शक्यता. पहिली, पतंग होऊन उडून गेली. तसं असेल तर रेघ पानाच्या कडेपर्यंत पोचलेली असते, कड दुमडलेली असते आणि त्या दुमडीतून कोषाचं रिकामं टरफल अर्धं बाहेर आलेलं दिसतं. दुसरी, कुणीतरी खाल्ली. मुंग्या आणि हिरव्या जाळीदार पंखांच्या क्रायसोपाच्या अळ्या पापुद्रा फाडून तिला काढतात. मग रेघेवर ओरखडा किंवा फाटलेली जागा असते. तिसरी आणि सगळ्यांत महत्त्वाची, परोपजीवी गांधीलमाशीने तिला संपवलं.

ही गांधीलमाशी डोळ्याला जेमतेम दिसते, एक-दोन मिलिमीटरची. ती पापुद्र्यातून अळीवर किंवा अळीत अंडं घालते. रेघ मध्येच थांबलेली दिसते, अळी काळवंडून सुकलेली असते, शेजारी एक उघडा, चकचकीत काळा कोष पडलेला असतो. कधी बाहेर पडायचं सुईच्या टोकाएवढं गोल भोक असतं. असा काळा कोष दिसला तर ते झाड काही दिवस फवारू नका. तुमचं काम कुणीतरी आधीच करत आहे.

ही मदत किती मोठी असते त्याचं एक उदाहरण सांगतो. १९९३ मध्ये लिंबावरची नागअळी अमेरिकेतल्या फ्लोरिडात पोचली आणि बागायतदार हवालदिल झाले. १९९४ मध्ये ऑस्ट्रेलियातून एजेनिॲस्पिस सिट्रिकोला नावाची परोपजीवी गांधीलमाशी आणून तिथे सोडली गेली आणि ती रुजली. आपल्याकडे नागअळीच्या जोडीने तिचे शत्रू पहिल्यापासून आहेत. सरसकट फवारणीत आधी मरतात ते हेच.

११. पतंग बघायचाच आहे. घरी अळीपासून पतंग तयार करता येईल का?

सहज. शाळेतल्या मुलांसोबत करून बघण्यासारखं आहे.

नुसत्या अळीचं पान तोडलं तर पान सुकतं आणि अळी उपाशी मरते. म्हणून ज्या पानांच्या कडा दुमडल्या आहेत, म्हणजे कोष झाला आहे, तीच निवडा. कोवळ्या फांदीसकट तोडा. पारदर्शक डबा घ्या, तळाला किंचित ओलसर कागद ठेवा, त्यावर पानं ठेवा, तोंडाला पातळ मलमल बांधा. झाकण घट्ट लावू नका, बुरशी येते. डबा सावलीत ठेवा. कागद सुकला तर दोन थेंब पाणी.

रोज सकाळी बघा. पतंग पहाटे बाहेर येतो आणि डब्याच्या भिंतीवर बसतो. उजेडात डबा तिरका धरला की चंदेरी चमक दिसते आणि पंखाच्या टोकाचा काळा ठिपकाही. फोटोसाठी डबा काही मिनिटं फ्रीजमध्ये ठेवला तर तो शांत बसतो.

काही कोषांतून पतंगाऐवजी बारीक काळी किंवा पिवळी माशी बाहेर येईल. ती प्रश्न १० मधली गांधीलमाशी. फेकू नका, बागेत नेऊन सोडा.

१२. फोटो कसा काढून पाठवायचा, म्हणजे तुम्हाला ओळखता येईल?

एक फोटो अख्ख्या फांदीचा, झाड ओळखू येईल असा. एक पानाच्या पुढच्या बाजूचा आणि एक मागच्या बाजूचा. एक पान उजेडासमोर धरून काढलेला, म्हणजे विष्ठेची ओळ दिसते. हा शेवटचा सगळ्यांत मोलाचा आणि नेमका तोच कुणी पाठवत नाही. मोबाईलला चिकटणारं साधं क्लिप-भिंग मिळालं तर उत्तम.

सोबत चार गोष्टी लिहा: झाडाचं नाव, गाव, तारीख, आणि पान कोवळं होतं की जून. शेजारी मोजपट्टी ठेवा. फ्लॅश वापरू नका, चंदेरी रेघ त्यात पांढरी पडते.

१३. मोसंबी, संत्रं, पपनस, कढीपत्ता, बेल यांच्यावरही हीच येते का?

मोसंबी, संत्रं, पपनस, ईडलिंबू यांच्यावर हीच. बेल आणि कुंती यांच्यावरही तिची नोंद आहे, कारण ही झाडं लिंबाच्याच कुळातली. कढीपत्ता त्याच कुळातला असला तरी तिथली रेघ बघून लगेच नाव देऊ नका. प्रश्न ४ मधली सगळी लक्षणं तपासा, विशेषतः मधली विष्ठेची ओळ आणि दुमडीतला कोष. शक्य असेल तर पतंग बाहेर काढून बघा (प्रश्न ११).

कडुलिंबाचा यात काही संबंध नाही. ते वेगळ्या कुळातलं झाड आहे.

१४. झाड मरेल का? रेघ असलेली पानं तोडून टाकू का?

चार-पाच वर्षांच्या पुढचं धडधाकट झाड या अळीने मरत नाही. काही पानं वेडीवाकडी होतील, एवढंच. खरा फटका रोपवाटिकेला, नवीन लागवडीला आणि नुकत्याच कलम केलेल्या झाडांना बसतो. त्यांची सगळी वाढच कोवळ्या पालवीवर अवलंबून असते आणि ती पालवी आकसली की वर्ष मागे पडतं.

पानं तोडू नका. रेघ असली तरी पानाचा उरलेला हिरवा भाग अन्न तयार करतो. तोडलं की झाड पुन्हा नवती फेकतं आणि मादीला अंडी घालायला आणखी जागा मिळते. वर्षातून वारंवार छाटणी करणं, गरजेपेक्षा जास्त युरिया टाकणं, थोडंथोडं पाणी देत राहणं, या सगळ्याने झाडाला सतत नवी पालवी येत राहते. त्यापेक्षा बहार धरताना नवती एकदम, एका दमात येईल असं बघा. खोडावरून सरळ वर फुटणारे पाणसोट मात्र काढून टाका. ते अळीचं कायमचं घर असतात.

१५. दुकानात सांगितलं की नागअळीचं औषध देतात. ते मारू का?

आधी प्रश्न ४ आणि ५. लिंबावरची की माशीची, हे ठरल्याशिवाय मारू नका. लिंबावरचीच ठरली तरी वेळ चुकली तर औषध वाया जातं. अळी पापुद्र्याच्या आत सुरक्षित असते. रेघा मोठ्या झाल्यावर मारलेली फवारणी पानावरून ओघळून जाते, शत्रूकिडी मात्र मरतात. कोंब फुटायला लागतानाच ५ टक्के निंबोळी अर्क फवारणं हा आमच्या मते पहिला उपाय. ५ किलो निंबोळी कुटून रात्रभर पाण्यात भिजवायची, गाळून १०० लिटर करायची, संध्याकाळी फवारायची.

रासायनिक औषध घ्यायचंच असेल तर लेबलवर लिंबू हे पीक आणि ही कीड, दोन्ही लिहिलेली आहेत का ते बघा आणि काढणीपर्यंतचे दिवस पाळा. मात्रा आम्ही इथे सांगत नाही. ती तुमच्या बागेचं वय आणि बहार बघून कृषी विज्ञान केंद्रातल्या तज्ज्ञाने सांगावी.

१६. नागअळी आली की पुढे खैऱ्याही येतो म्हणतात. खरं आहे का?

खरं आहे. खैऱ्या हा लिंबावरचा जिवाणूंमुळे होणारा रोग. नागअळी त्याचे जिवाणू स्वतः आणत नाही, पण दार उघडून देते. पापुद्रा फाटला की आतल्या उघड्या पेशींत पावसाच्या उडत्या थेंबांबरोबर जिवाणू शिरतात. म्हणून रेघेच्या वाटेवर ओळीने खैऱ्याचे खरबरीत, पिवळी कडा असलेले डाग उमटतात. कागदी लिंबू खैऱ्याला फारच बळी पडतं, म्हणून आपल्याकडे हा धोका जास्त.

डाग रेघेवरच आहेत की रेघ नसलेल्या पानांवरही, हे बघून ठेवा. दोन्हीकडे असतील तर खैऱ्या आधीच बागेत होता.

१७. वर्षात कधी जास्त येते?

नवती असेल तेव्हा. मृगाचा पाऊस झाल्यावरची पालवी आणि हस्ताच्या सुमारासची पालवी, या दोन वेळा डोळ्यांत तेल घालून बघा. माण, खटाव, जतसारख्या कोरडवाहू भागात ठिबकवरची बाग उन्हाळ्यातही पालवते, तिथे तेव्हाही सापडते.

१८. कासला आणि कोयनेच्या जंगलात झुडपांच्या पानांवर खूप प्रकारच्या रेघा आणि डाग बघितले. त्यांची नावं सांगाल?

काहींची सांगता येतील, बऱ्याचशांची नाही, आणि यात कमीपणा काही नाही. सह्याद्रीतल्या पान पोखरणाऱ्या पतंगांचा अभ्यास अजून फार थोडा झाला आहे. दिसायला सारख्या दोन जाती कित्येकदा फक्त पतंगाचे जननावयव सूक्ष्मदर्शकाखाली बघूनच वेगळ्या करता येतात. तिथे फोटोवरून नाव ठोकून देणं आम्हाला पटत नाही.

झाड ओळखा, पानाचे दोन्ही बाजूंचे फोटो घ्या, आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाका. पान मात्र तोडून आणू नका. राखीव क्षेत्रात आणि अभयारण्यात वन विभागाच्या परवानगीशिवाय काहीही गोळा करता येत नाही. बांधावरच्या, गावाजवळच्या झाडांवर भरपूर काम आहे. करंज, जांभूळ, आंबा यांपासून सुरुवात करा.

१९. नमुना घेऊन प्रत्यक्ष कुणाला दाखवायचा असेल तर?

सातारा जिल्ह्यात बोरगावचं कृषी विज्ञान केंद्र, सांगलीजवळ कसबे डिग्रजचं कृषी संशोधन केंद्र. दोन्ही राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाशी जोडलेली आहेत. कोवळी फांदी वर्तमानपत्रात सैल गुंडाळून न्या. प्लास्टिकच्या पिशवीत घाम सुटतो आणि पोचेपर्यंत पान काळं पडतं. जमल्यास पहाटे तोडून त्याच दिवशी पोचवा.

२०. मुलगी जर्मनीत असते. तिच्या घराजवळच्या ओढ्याकाठी ऑल्डरच्या पानांवर असेच डाग आहेत. ती विचारते, हीसुद्धा नागअळी का?

लिंबावरची नाही. पण त्याच ग्रॅसिलॅरिडी कुळातली असू शकते आणि ओळखायची पद्धत अगदी प्रश्न ४ मधलीच. ऑल्डर सह्याद्रीत नाही. आपल्या देशात त्याचा एक भाऊबंद हिमालयात वाढतो, उतीस नावाचा.

युरोपातल्या ऑल्डरवर फायलोनोरिक्टर वंशाचे पतंग नेहमीचे. त्यांची रेघ नसते. अळी पानाच्या एका बाजूचा पापुद्रा सुटा करते, आत रेशीम विणते, ते आकसतं आणि पानाचा तेवढा भाग तंबूसारखा वर उचलला जातो. तंबू पानाच्या मागच्या बाजूला, दोन शिरांमध्ये, लांबट आणि अडीच सेंटिमीटरहून मोठा असेल तर फायलोनोरिक्टर फ्रोलिचिएला. लहान आणि मधल्या शिरेला चिकटून असेल तर बहुधा रायेला. तंबू पानाच्या वरच्या बाजूला असेल तर स्टेटिनेन्सिस. डागाऐवजी खरोखरची बारीक दोऱ्यासारखी रेघ असेल तर ती दुसऱ्याच कुळातली, स्टिग्मेला वंशाची. ऑल्डरवर तिच्या दोन जाती आहेत आणि नुसत्या रेघेवरून त्या वेगळ्या करता येत नाहीत, पतंग वाढवूनच बघावा लागतो.

आणि मोठा तपकिरी, मोकळा डाग असून आतली अळी स्पष्ट पायांची असेल, तंबू नसेल, रेशीम नसेल, तर ती फेनुसा नावाच्या करवतमाशीची अळी, पतंगाची नाही. तिला सांगा, पानाचे दोन्ही बाजूंचे आणि उजेडासमोरचे फोटो घ्यायचे आणि पानावर मोजपट्टी ठेवायची.